कोरडी

पहिल्या भेटीत मला तिचा रागच आला होता. दुखत होतं माझं उजवं कानशील आणि ती निघाली होती उजव्या खांद्यात शिरायला. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच! त्यात ‘औषध’ हा शब्दही तिच्या बाबतीत चुकीचा. तिच्यात थेंबभरही काही नसतं, म्हणून तर तिचं नाव ड्राय नीडल. कोरडी सुई.

दिसायला अगदी काडी. जाडी पाव मिलिमीटर, फार तर ०.३०. लांबी साधारण चाळीस-पन्नास मिलिमीटर. इंजेक्शनची सुई पोकळ, टोकाला तिरकी कापलेली, त्यामुळे ती वाट कापतच जाते. ही भरीव आणि निमुळती. गर्दीच्या लोकलमध्ये ‘जरा सरकता का’ म्हणत, कुणाच्या पायावर पाय न देता दारापर्यंत पोचणाऱ्या बाईसारखी तंतूंमधून वाट काढते. राहते प्लॅस्टिकच्या बारक्या नळीत, मूठ तेवढी जराशी बाहेर.

‘‘काका, हे दाबलं की कुठं जातं?’’ फिजिओथेरपिस्ट मुलीनं खांद्याच्या माथ्यावरची एक ताठ दोरी बोटाखाली घोळवत विचारलं. त्या दोरीवर तुरीएवढी गाठ होती. ती दाबली आणि कळ मानेवरून चढत थेट कानशिलात. मी गप्प झालो. चष्म्याचा नंबर, पित्त, सायनस, दोन बाटल्या बाम असं करत सहा महिने मी सगळा गाव हिंडलो होतो, आणि कळसा होता काखेच्या जरासा वर.

‘‘खाली फुफ्फुस आहे, म्हणून असं धरते,’’ म्हणत तिनं तो स्नायू चिमटीत वर उचलला. नळी टेकवली, बोटानं टक् केलं. मुंगी चावली म्हणावी तर तेवढंही नाही. मग नळी काढून ती सुई जागच्या जागी हळूहळू वरखाली करू लागली. आणि एकदम, तळ्यात मासोळीनं शेपटी मारावी तसा माझाच स्नायू माझी परवानगी न घेता उसळला. ‘‘आला ट्विच!’’ मुलगी खूष. मी मात्र ‘आई गं’पर्यंत पोचलो होतो.

ही रिकाम्या हातानं येते खरी, पण तिच्या माहेरची माणसं भरल्या हातानं येत. अमेरिकेच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल या गाठींत प्रोकेन हे औषध टोचत. राष्ट्राध्यक्ष केनेडींची पाठ त्यांनीच सांभाळली, आणि १९६१ साली राष्ट्राध्यक्षांच्या वैद्य झालेल्या त्या पहिल्या स्त्री. डेव्हिड सायमन्स यांच्याबरोबर त्यांनी १९८३ साली ‘ट्रिगर पॉइंट’चा जाडजूड ग्रंथच काढला, कुठली गाठ कुठे दुखते याचे नकाशे त्यात आहेत. पण त्याआधीच, १९७९ साली, चेकोस्लोव्हाकियातल्या कारेल लेविट यांनी २४१ रुग्णांचे अनुभव मांडले आणि म्हटलं की गुण औषधाचा नसून टोचण्याचाच असावा. सुई नेमक्या दुखऱ्या जागी पोचली तर पुष्कळांची वेदना तिथल्या तिथे थांबत होती. तेव्हापासून आहेराशिवाय आलेल्या या पाहुणीलाही पाटावर जागा मिळाली.

ॲक्युपंक्चरची सुई हिची जुळी बहीण. एकाच साच्यातल्या. पण ती ऊर्जेच्या वाटांवर श्रद्धा ठेवते, ही स्नायूच्या गाठीपलीकडे काही मानत नाही. अर्थात त्या गाठीबद्दलही वाद आहेतच. नस स्नायूला भेटते तिथे ॲसिटिलकोलीन जास्त पाझरतं, तंतू आवळलेलेच राहतात, हे सायमन्स यांचं म्हणणं. ते सगळ्यांना पटलेलं नाही. दोन तपासनिसांची बोटं एकाच गाठीवर पडतीलच, याचीही खात्री नाही. सुईला या भांडणात रस नाही. ती काही आठवड्यांचा आराम देते, त्याचे पुरावे आहेत. वर्षभराची हमी ती देत नाही, आणि तिच्या नावानं कुणी देत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहावं. फुफ्फुसाची आठवण ठेवणाऱ्या शिकलेल्या हातातच ती शहाणी.

दुसऱ्या दिवशी खांदा असा ठणकला की जणू कुणी बुक्की मारलीय. तिसऱ्या दिवशी ठणका गेला, आणि कानशील शांत आहे हे माझ्या दुपारी चहा पिताना लक्षात आलं. दुखणं येतं तेव्हा ढोल वाजवत येतं, जातं तेव्हा सांगून जात नाही.

तिचे आभार मानायची सोय मात्र नव्हती. काम झाल्या झाल्या मुलीनं तिला पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात टाकलं होतं. एका माणसाला एकदाच. पुन्हा गेलो तर दुसरी. ‘‘सुईचं काम झालं काका, आता तुमचं,’’ असं म्हणत तिनं मान ताणायचे तीन व्यायाम दाखवले आणि लॅपटॉपची बॅग उजव्या खांद्यावर घ्यायची नाही, असं बजावलं.

मी आज्ञाधारक माणूस. बॅग आता डाव्या खांद्यावर असते. व्यायाम उद्यापासून. आणि परवापासून डावं कानशील जरा...