निळ्या कागदातला लोहचुंबक

आमच्या खडकीच्या घराचा जुना नकाशा अजून पत्र्याच्या पेटीत आहे. निळा कागद, पांढऱ्या रेषा, घड्यांवर विरलेला. या निळ्या रंगाचं नाव प्रशियन ब्लू. 1842 मध्ये जॉन हर्शेलने ही युक्ती काढली: लोहाचे क्षार लावलेला कागद उन्हात धरायचा, मग पाण्याने धुवायचा; ऊन लागलेला भाग निळा होतो. रेषांखाली ऊन पोचत नाही, त्या पांढऱ्या राहतात.

बी.एस्सी. करणाऱ्या माझ्या भाच्याच्या मोबाइलवर लोखंडाबद्दल एक मजकूर फिरत आला होता. ‘हदीद’ म्हणजे लोखंड, अक्षरांची अबजद बेरीज 26, लोखंडाचा अणुक्रमांकही 26. ‘अल्-हदीद’ची बेरीज 57, सूरतही 57 वी, आणि लोह-57 नावाचं समस्थानिकही आहे. बेरजा बरोबर आहेत. पण निसर्गातल्या शंभर लोह-अणूंपैकी लोह-57 चे जेमतेम दोन; बहुतेक सगळे 56 चे. ते कोणी कळवत नाही. माझा ईमान अशा बेरजांवर उभा नाही, त्याचाही असू नये असं वाटतं. म्हणून मी नकाशा काढला.

या रंगात दोन प्रकारचं लोह असतं. एकात पाच सुटे इलेक्ट्रॉन, म्हणजे प्रत्येक अणू छोटासा चुंबक. दुसऱ्यातले सगळे जोडीत, म्हणून तो गप्प. दोन चुंबकी अणूंमध्ये हा गप्प अणू आणि दोन्ही बाजूंना कार्बन-नायट्रोजनचे पूल. अंतर साधारण एक नॅनोमीटर, साध्या लोखंडातल्या शेजाऱ्यांच्या चौपट. तरी एकाचा कल दुसऱ्याला कळतो! अगदी पुसट, म्हणून जरा उष्णता लागली की रांग मोडते. 5.6 केल्विनच्या खाली, म्हणजे उणे 267 अंशांच्याही खाली, हा रंग खरोखर चुंबक होतो. घरातला चुंबक नकाशाला चिकटत नाही, तो त्यामुळे.

1995 मध्ये पॅरिसच्या मिशेल व्हर्दाग्ये आणि सहकाऱ्यांनी हीच रचना ठेवून माणसं बदलली. गप्प लोहाच्या जागी तीन सुटे इलेक्ट्रॉन असलेला क्रोमियम, दुसऱ्याच्या जागी व्हॅनेडियम. यात शेजारी एकमेकांच्या उलट तोंड करून उभे राहतात, पण जोर सारखा नसल्याने शिल्लक उरते. हा चुंबक 315 केल्विनपर्यंत, म्हणजे 42 अंशांपर्यंत टिकतो. हवा लागू दिली नाही तर खडकीचा मे महिनाही निभावेल. आणि त्यात लोखंडाचा कणही नाही. चुंबकत्व कोणाकोणात आहे यापेक्षा कोण कोणाशी कसा जोडलाय, यावर इथे सगळं ठरतं.

भाचा बराच वेळ नकाशाकडे बघत होता. म्हणाला, “मामू, फेरोसायनाइड आणि फेरिक क्लोराइड ना? हे तर आम्ही प्रॅक्टिकलला केलंय. लोह ओळखायची चाचणी. निळा साका आला की वहीत लिहायचं आणि बेसिनमध्ये ओतून द्यायचं.”