मागचे पाय

कोंबड्यांना खुराडं, गुरांना गोठा, घोड्यांना पागा, हत्तींना पीलखाना. मराठीने पाळीव जिवांच्या निवाऱ्यांना नावं दिली, पण कुत्र्याच्या निवाऱ्याला काही दिलं नाही. ‘श्वानगृह’ हा पाटीवर रंगवायचा शब्द आहे, घरात तो कुणी बोलत नाही. आपला कुत्रा ओसरीवर झोपायचा, उंबऱ्याशी, बैलगाडीखाली, थंडीत चुलीच्या राखेशी. जागा तो स्वतः निवडायचा आणि ऊन सरकलं की तोही सरकायचा. बंगळूरच्या जे. पी. नगरात कुत्र्यांच्या वर्तनावर काम करताना मला कन्नडमधला ‘गूडु’ हा शब्द मिळाला. पाखराच्या घरट्यालाही गूडु आणि कुत्र्याच्या घरालाही. आता मराठी बोलतानाही मी तोच वापरते.

‘गूडु आणलाय, पण कुत्रा आत जात नाही’ हा फोन मला वर्षातून दोनदा हमखास येतो, जूनच्या तोंडावर आणि सप्टेंबरात. इथे नैर्ऋत्येचा पाऊस सरतो तोवर ईशान्येचा येऊन ठेपतो. सप्टेंबर-ऑक्टोबर हे बंगळूरचे सगळ्यांत ओले महिने. संध्याकाळी आभाळ फाटतं, पोर्चमध्ये झोपणारा कुत्रा भिजतो, घरच्यांचा जीव कळवळतो आणि आठवड्याच्या आत घर तयार होऊन येतं. इतकं छान छप्पर, मऊ गादी, कुत्रा आपणहून जाऊन बसेल अशी सगळ्यांची समजूत असते.

गेल्या वर्षी सातव्या फेजमधल्या एका घरी गेले. काकू मूळच्या बेळगावच्या, काका सोलापूरचे, इथे येऊन तीस वर्षं झालेली. त्यांची चिंगी पुट्टेनहळ्ळी तळ्याच्या रस्त्यावरून आलेली, बदामी रंगाची, एक कान मोडका. “पोरी, सुताराला घरी बोलावून करून घेतलंय,” काका म्हणाले, “आणि ही बघ, भर पावसात त्याला टेकून भिजत बसते. टेकून! आत नाही.”

मी घराभोवती एक चक्कर मारली. गूडु मागच्या अंगाला, पाण्याच्या सम्पशेजारी होता. तोंड कंपाउंडच्या भिंतीकडे. सम्पची मोटर दिवसातून दोनदा घरघर करत सुरू व्हायची. वर पत्रा, आणि बाहेरून-आतून ऑइलपेंट. त्याचा वास मलाच दहा फुटांवरून येत होता. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतात, कुत्र्याच्या नाकात तीस कोटींपर्यंत. चिंगीला त्या दारातून काय येत असेल, याची आपल्याला कल्पनाही करता येणार नाही.

कुत्रा हा मुळात गुहेत राहणारा प्राणी, म्हणून त्याला बंद जागा आवडतेच, असं आमच्या क्षेत्रात सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. लांडगे गुहा वापरतात ती मुख्यतः पिल्लांसाठी. पिल्लं मोठी झाली की सगळा कळप उघड्यावर झोपतो. आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचंही तसंच. व्यायची वेळ आली की कुत्री आडोसा शोधते, एरवी ती वाळूच्या ढिगावर, गाडीखाली, चारही दिशा दिसतील अशा जागी पडते. कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्र यांच्या गटाने या आडोशांचा अभ्यास केला आणि तो २०१६ साली प्रसिद्ध केला. पिल्लांसाठी जागा निवडतानाही या कुत्र्या माणसांच्या वावराजवळची जागा पसंत करतात, असं त्यात दिसलं. म्हणजे आडोसा हवा तेव्हासुद्धा तिला आपण जवळ हवे असतो. आणि आपण तिचं घर नेऊन ठेवतो सम्पशेजारी.

पहिल्याच दिवशी गूडु पुढच्या व्हरांड्यात आणला, स्वयंपाकघराचं दार दिसेल असा. छपराचे स्क्रू काढून पत्रा उतरवला आणि लाकडी दारही बिजागऱ्यांसकट काढून ठेवलं. उरल्या नुसत्या भिंती. काकांना ते बघवेना. “अगं, मग घर कसलं ते?” मी म्हटलं, काका, तीन आठवडे त्याला ऊन खाऊ द्या, तुम्ही घाई करू नका. काकूंनी आपल्या जुन्या सुती साडीची गोधडी दिली. ती धुवायला निघाल्या होत्या, मी थांबवलं. काकूंचा वास त्या घरातून काढायचा नव्हता, उलट त्याच वासाने घर भरायचं होतं.

मग वाटी. पहिले दोन दिवस चिंगीचा दहीभात घरापासून चार फुटांवर, नंतर तीन फुटांवर, मग उंबऱ्याला लागून. या कामात बहुतेक लोक कुत्र्याचं तोंड बघतात. तोंड आत गेलं की टाळ्या. मी मागचे पाय बघते. चिंगीने मान आत घातली, मग एक पंजा, मग दुसरा. पाठ ताणून सुतासारखी सरळ झाली. उकडलेल्या चिकनचा तुकडा तिने ओठांच्या टोकाने उचलला. पण मागचे दोन्ही पाय बाहेरच्या फरशीवर रोवलेले, मांड्या थरथरत होत्या, नखं फरशीला रुतवल्यासारखी. सगळा भार मागे. आत गेली होती ती फक्त भूक. बाकीची चिंगी पळायच्या तयारीत बाहेर उभी होती. नॉर्वेच्या प्रशिक्षक तुरिद रुगास यांनी ज्या बारीक खुणांकडे आम्हा सगळ्यांचं लक्ष वेधलं, त्याही होत्याच: ओठ चाटणं, कारण नसताना जांभई, मान वळवून भलतीकडे बघणं.

या घडीला मागून हलकेच ढकलावंसं वाटतं. एवढंसंच तर राहिलंय, एकदा आत गेली की कळेल तिला. मीही ढकललं आहे. कामाला लागले त्या पहिल्या वर्षी एका लॅब्रॅडॉरला पुठ्ठ्यावर हात ठेवून आत लोटलं आणि कडी घातली. वीस मिनिटं तो भुंकला, दार खरवडलं आणि मग शांत झाला. ‘लागली सवय’ असं मी त्या घरच्यांना सांगून आले. पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा तो आत पडून होता. हाक मारली तरी उठला नाही. दाराकडे पाठ, भिंतीकडे तोंड. ती पाठ मला अजून दिसते.

तो शांत का झाला, हे मला नंतर वाचून कळलं. १९६७ साली अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर एक क्रूर प्रयोग केला. चुकवता येणार नाहीत असे विजेचे धक्के दिलेल्या कुत्र्यांना नंतर अशा पेटीत ठेवलं, जिथे मधला ठेंगणा अडसर ओलांडला की सुटका होती. त्यांतल्या बऱ्याच कुत्र्यांनी तो ओलांडलाच नाही, ती पडून राहिली. आपलं काही चालत नाही हे ती शिकली, असा अर्थ तेव्हा लावला गेला. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ साली, त्याच दोघांनी लिहिलं की हा अर्थ उलटा होता. संकट लांबलं की गलितगात्र होणं हे उपजतच असतं, शिकावं लागतं ते ‘आपलं चालतं’ हे. माझ्या कामाकडे बघायची माझी दृष्टी त्या लेखाने बदलली. आत कसं जायचं हे कुत्र्याला कुणी शिकवावं लागत नाही. बाहेर पडता येतं हे शिकवायचं असतं, आणि ते रोज, दहा-दहा वेळा.

म्हणून चिंगीने पुढचे दोन पाय आत टाकले की काकू दुसरा तुकडा बाहेर टाकायच्या. आत, बाहेर. आत, बाहेर. तिला बाहेर यायला निमित्त मिळत गेलं, तशी ती परत आत जायला मोकळी होत गेली. बाराव्या दिवशी मागचा डावा पाय फरशीवरून उचलला गेला, हवेत थांबला आणि गोधडीवर टेकला. कुणीच काही बोललो नाही. कामाला येणाऱ्या अक्का झाडू घेऊन जागच्या जागी उभ्या राहिल्या होत्या, त्या नुसत्या “बा, बा” (ये, ये) पुटपुटल्या.

पत्रा मात्र परत बसवला नाही. पत्र्यावर इथला पाऊस ताशासारखा वाजतो आणि एप्रिलमध्ये आतला जीव भाजून निघतो. त्याऐवजी उताराची जाड फळी टाकली, खाली चार इंच उंचीचे ठोकळे दिले आणि सांध्यांमधल्या फटी बुजवल्या, कारण गोचिडी तिथेच अंडी घालतात आणि गोचीडताप या शहरात कुत्र्यांचे जीव घेतो. घर एवढं हवं की आत उभं राहता यावं, वळता यावं, पाय ताणून झोपता यावं. मुधोळ किंवा कारवानी पाळला असेल तर गादी जाड हवी. त्या हडकुळ्या अंगाला कोपरावर मांस नसतं, कडक जमिनीवर कोपरं सुजतात. आणि साखळी गूडुला बांधायची नाही, कधीच नाही. ज्या घराला बांधून घातलंय ते घर कुत्रा आपलं म्हणणार नाही.

दिवाळीबद्दल एवढं सांगायलाच हवं: त्या दिवसांत नवीन गूडुची सुरुवात करू नका. आपल्याला वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपास. नवीन जागा आणि फटाके एकाच आठवड्यात आले की ती जागा फटाक्यांची होते. सवय झालेली असली तरी त्या रात्री त्याला बाहेर ठेवू नका. गोधडी उचला, घरातल्या सगळ्यांत आतल्या खोलीत अंथरा, खिडक्या लावा, पंखा सुरू ठेवा. फार घाबरणारा असेल तर पशुवैद्याला आठवडाभर आधी भेटा. तो जवळ आला तर जवळ घ्या. जवळ घेतल्याने भीती वाढते, हा समज अजून घट्ट आहे आणि तो खोटा आहे.

दसरा होऊन गेल्यावर चिंगीकडे माझी शेवटची फेरी होती. निघायला आणि पाऊस लागायला एकच गाठ पडली. मी व्हरांड्यात पोहे खात बसले, काका बेळगावचं काहीतरी सांगून काकूंना चिडवत होते, चिंगी बाकाखाली होती. “अगं, बघ,” काकू हळूच म्हणाल्या. मी वळले तोवर ती गोधडीवर गोल फिरत होती. तिसऱ्या फेरीला धप्पकन बसली आणि हनुवटी उंबऱ्यावर ठेवली. मागचे पाय कधी आत गेले, ते मला दिसलंच नाही. काका दिवा घालवायला उठले, तर काकूंनी त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं. पागोळ्यांचे शिंतोडे चिंगीच्या नाकापर्यंत उडत होते. तिने नाक आत घेतलं नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत तशीच पडून राहिली.