बैठक झाली, पण चालली का?

उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात समुदाय संसाधन व्यक्ती (सीआरपी) म्हणून मी काम केलं. गावात आम्हाला सगळे सीआरपी ताई म्हणतात. माण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर जायचं, बचत गटाच्या बैठकीला बसायचं आणि गट कसा चाललाय ते तपासायचं, हा या कामाचा मोठा भाग. तपासणीचा पाया पंचसूत्री: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. या पाच गोष्टी पाळणाऱ्या गटाला फिरता निधी मिळतो, पुढे बँकेचं कर्ज मिळतं. 1992 मध्ये नाबार्डने 500 गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हापासून हेच तत्त्व आहे. बायकांकडे गहाण ठेवायला काही नसतं, गटाची शिस्त हेच त्यांचं तारण. म्हणून मला ही तपासणी नेहमी महत्त्वाची वाटत आली आहे.

एका गटाची दप्तरं फार नीटनेटकी होती. हजेरी पूर्ण, सह्या जागच्या जागी, परतफेड वेळेवर. मी त्यांच्या बैठकीला बसायला लागले तेव्हा वेगळंच दिसलं. बैठक दुपारी सचिवाच्या ओसरीवर व्हायची. मजुरीला गेलेल्या बायका आपली बचत मुलांच्या हाती पाठवायच्या आणि सही संध्याकाळी घरी होऊन जायची. कर्जाची मागणी बैठकीच्या शेवटी निघायची. तोवर आलेल्यांतल्याही निम्म्या जणी स्वयंपाकाला उठलेल्या असत. राहिलेल्या तीन-चार जणींतच पैसा फिरायचा. तो वेळेवर परतही यायचा, त्यामुळे कागदावर खोट काढायला जागाच नव्हती.

त्याच गटातल्या एका वहिनींना नवऱ्याला साताऱ्याला दवाखान्यात न्यायचं होतं. त्यांनी गावातल्या सावकाराकडून महिन्याला शेकडा पाच रुपयांनी पैसे उचलले. गटात व्याज शेकडा दोन रुपये होतं आणि खात्यात रक्कमही शिल्लक होती. गटाकडे का मागितले नाहीत, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, गटात किती पैसं हायती, मला कुठं ठावं?" दर महिन्याला न चुकता बचत भरणाऱ्या बाईला आपलाच पैसा किती, हे माहीत नसेल, तर त्या बैठकीला पैकीच्या पैकी गुण कशाचे द्यायचे?

तिथपासून मी दप्तराबरोबर आणखी काही गोष्टी पाहू लागले. बायका गोल बसल्यात की पदाधिकारी पुढे आणि बाकीच्या भिंतीला टेकून? जमा झालेली रोकड सगळ्यांसमोर मोजून आकडा मोठ्याने सांगितला का? मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून दाखवलं का, आणि त्यात ठरलेलं झालं का? कर्ज मागणारीला कारण सांगायला वेळ मिळाला का? तिला नाही म्हटलं असेल, तर का ते सांगितलं का? बैठक संपल्यावर मी पदाधिकाऱ्यांशी बोलायच्या आधी दाराशी बसलेल्या एखादीला गाठायचे. आज काय ठरलं, कर्ज कुणाला आणि कशासाठी दिलं, शिल्लक किती, एवढंच विचारायचे. तिला सांगता आलं की समजायचं, बैठक चालली. लिहिता-वाचता न येणाऱ्या कितीतरी जणी ही उत्तरं अगदी अचूक देतात, कारण त्यांनी ती कानांनी ऐकलेली असतात.

त्या गटाशी आम्ही बोलत राहिलो. बैठक रात्री जेवणं उरकल्यावर घ्यायचं ठरलं. कर्जमागणीचा विषय हजेरी आणि मागच्या इतिवृत्तानंतर लगेच आला. शिल्लक दरवेळी वेगळ्या सदस्येने सांगायची, असा ठराव झाला. पुढे एका बैठकीत एका मावशींनी अध्यक्षांना सरळ विचारलं, "तुमचा मागचा हप्ता भरला का?" हप्ता थकलेला होता. आवाज चढले, एकीने तर गट सोडण्याची भाषा केली. शेवटी अध्यक्षांना पुढच्या बैठकीपर्यंत मुदत आणि नियमाप्रमाणे दंड, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि इतिवृत्तात लिहिलं. बाहेरून आलेल्या माणसाने त्या बैठकीला गोंधळ म्हटलं असतं. माझ्या दृष्टीने मी तिथे पाहिलेली ती सर्वांत चांगली बैठक होती. नंतर शेळ्यांसाठी, मुलांच्या फीसाठी अशी कर्जं पूर्वी कधी न मागितलेल्या घरांत जाऊ लागली.

दप्तराची तपासणी सोडून द्यावी, असं मी कधीच म्हणणार नाही. नीट लिहिलेला हिशेब नसेल तर विचारायला आधारच उरत नाही, आणि भांडणाच्या वेळी तोच गरीब बाईला वाचवतो. पण दप्तर आपल्याला बैठक झाल्याचं सांगतं. तिथे बसलेल्या प्रत्येकीला पैशावर आपला हक्क वाटतो का, हे तिच्याशी बोलल्याशिवाय कळत नाही. हे बोलणंही वरून आलेल्या माणसापेक्षा गटातल्या बायकांनीच एकमेकींशी करावं. गावातल्या बचत गटांच्या ग्रामसंघाच्या बैठकीत प्रत्येक गटाने आपला आढावा देताना एवढं जरी सांगितलं, की या महिन्यात पहिल्यांदा कोण बोललं, पहिल्यांदा कर्ज कुणी मागितलं आणि कुणाला का नाकारलं, तरी गट कुठे अडलाय हे सगळ्यांना दिसेल आणि ते दुरुस्त करणंही त्यांच्याच हातात राहील.