दोनदा आलेला शब्द

ताज्या दळलेल्या ज्वारीचा ऊन वास आता धामणगाव बढ्यात गिरणीवरच येतो, आणि त्या वासाबरोबर मला हटकून बहिणाबाई चौधरींची ‘मन’ ही कविता आठवते. खानदेश इथून इतका जवळ, की तिची बोली कुणाला उलगडून सांगावी लागत नाही. उलगडावी लागते ती रचना. पहिलं कडवं घ्या. चार चरण, प्रत्येकी नेमकी आठ अक्षरं. लघु-गुरूचं बंधन नाही, म्हणजे माधव ज्यूलियनांच्या ‘छंदोरचने’तल्या विभागणीप्रमाणे हा छंद. यमक दुसऱ्या आणि चौथ्या चरणात, तेही सैल: शेवटचा ‘र’ तेवढा जुळतो, आधीचा स्वर नाही. तरी कडवं घट्ट बसतं, कारण पहिल्या आणि तिसऱ्या चरणांत आधी दोन अक्षरांचा शब्द येतो, मग तीन अक्षरांचा, आणि मग तोच पुन्हा. यमक जिथे नाही तिथे पुनरावृत्ती उभी आहे.

या दुसऱ्यांदा आलेल्या शब्दाला ‘भरतीचा’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. भरती लागते ती यमकापाशी, कवी अडतो तिथे. इथे तर ती जागा मोकळ्या, नव्या शब्दांनी भरली आहे. शिवाय इथे मन म्हणजे उभ्या पिकात शिरणारं ढोर; ते एकदा हाकलून भागत नाही, म्हणून हाकलण्याचं क्रियापदही दोनदा येतं. बाराव्या शतकात सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त नोंद आहे, की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. तिच्या आधारे कुणी म्हणेल, ही सगळी हातातल्या कामाची लय, निरक्षर बाईची सवय. त्यात कला कसली? बहिणाबाई निरक्षर होती हे खरं. तिची गाणी इतरांनी उतरवून घेतली आणि ती गेल्यावर, 1952 साली, पुस्तक निघालं. पण कामाची लय चारही चरणांना सारखीच असते. या कडव्यात सम चरणांत शब्द दुहेरी होत नाही, विषम चरणांतच होतो, ही निवड कुणाची? आणि आमच्याच जिल्ह्यातले मेहकरचे ना. घ. देशपांडे तर वकील, कायद्याची पुस्तकं वाचलेले. जी. एन. जोशींनी गायलेल्या त्यांच्या ‘शीळ’चं ध्रुपदही दुहेरी शब्दानेच उघडतं. तिथे जातं नाही, कांडण नाही; एक शिट्टी आहे, आणि ती किती दूरवर गेली हे त्या जोडशब्दातूनच कळतं.