शीर्षकांची पायरी

जावा भाषेतील प्रोग्रामना डेटाबेसशी व्यवहार करता यावा म्हणून ठरवून दिलेल्या क्लास आणि इंटरफेस यांच्या संचाला जेडीबीसी म्हणतात. त्याच्या कोडमधील टिप्पण्या नुसत्या समजुतीसाठी नसतात. डेटाबेसशी जोडणारे ड्रायव्हर लिहिणारे त्यांच्याकडे कराराची कलमे म्हणून पाहतात. जावाडॉक हे साधन या टिप्पण्यांतून वेबपाने तयार करते, टिप्पणीतील एचटीएमएल टॅग जसेच्या तसे पानात उतरवते, आणि त्यामुळे लेखकाचे शीर्षक साधनाने घातलेल्या शीर्षकांच्या उतरंडीत जाऊन बसते. घोळ नेमका तिथेच होतो.

एचटीएमएलमध्ये शीर्षकांच्या एच१ ते एच६ अशा सहा पातळ्या असून पातळी म्हणजे अक्षरांचा आकार नव्हे, तर कोणता भाग कोणाच्या पोटात येतो याची नोंद. सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या जावा १३ पासून जावाडॉकने ही रचना नव्याने आखली. त्यानुसार पॅकेज किंवा क्लासच्या टिप्पणीतील शीर्षके एच२ पासून सुरू व्हावीत आणि मेथडच्या टिप्पणीतील एच४ पासून, कारण मेथडच्या नावाला एच३ साधनानेच दिलेले असते. जेडीबीसीतील ‘कॅश्डरोसेट’ या इंटरफेसचे वर्णन लांबलचक, अनेक शीर्षकांचे आहे. ती शीर्षके एच३ असली, तर एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर २ ची कळ दाबून पुढच्या एच२ कडे जाणारा दृष्टिहीन वाचक सगळे वर्णन ओलांडून थेट त्यापुढच्या सारांश-यादीवर पोहोचतो, आणि मधे काही होते याचा त्याला पत्ताही लागत नाही.

दुरुस्ती वरवर शोधा-आणि-बदला छापाची वाटते, पण एकाच फाइलमध्ये क्लासच्या टिप्पणीतील एच३ एक पायरी वर चढवायचा असतो, तर मेथडच्या टिप्पणीतील एच३ एक पायरी खाली उतरवायचा असतो, शिवाय उपशीर्षकांनाही सोबत न्यावे लागते. म्हणून सरसकट बदल करणे हा शुद्ध आळस होय. पातळी चुकली तर डॉकलिंट हा तपासनीस हटकतो. मात्र केवळ ठळक टॅगमध्ये घातलेली, शीर्षकाचे सोंग घेतलेली ओळ त्याच्या लेखी साधा मजकूरच असते. ती हुडकण्यासाठी तयार झालेले पान उघडून वाचावे लागते, आणि तिला शीर्षकाचा टॅग देताना कलमातील एकही शब्द हलणार नाही याची काळजी घ्यावी लागते.