मत नाकारले, घरही नाकारले

2019 च्या लोकसभेआधी आमच्या माहुलच्या इमारतीखाली रोज संध्याकाळी एकच विषय असायचा: मत द्यायचे की नाही. पोरे तावातावाने म्हणायची, "माहुलबाहेर घर नाही तर मत नाही. एकानेही बोटाला शाई लावायची नाही." बायकांचेही तेच मत होते. मीही त्याच बाजूची होते, आणि मनापासून होते. एवढी माणसे एकदम थांबली तर कुणाला तरी दखल घ्यावीच लागेल, असे वाटायचे.

माहुल म्हणजे चेंबूरच्या पलीकडचे टोक. एकीकडे खाडी, दलदल आणि हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी. दुसरीकडे तेलशुद्धीकरणाचे कारखाने, रसायनांच्या टाक्या, खत कारखाना, वीजकेंद्र. या दोन्हींच्या मध्ये प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या 72 इमारती आणि 17,205 घरे, प्रत्येक घर 225 चौरस फुटांचे. तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर जागा मोकळी करा, असा उच्च न्यायालयाचा आदेश होता. 2017 मध्ये पाडापाडीला जोर आला आणि घाटकोपरकडचे आमचे पाइपलाइनलगतचे घर गेले. सामान टेम्पोत घालून इथे आलो. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंचा खोकला सुरू झाला, मग लहान्याच्या अंगावर पुरळ उठले. शेजारी जाऊन विचारावे तर तिथेही तेच.

हे आम्हालाच वाटत होते असे नाही. केईएम रुग्णालयाच्या 2013 च्या पाहणीत या भागातल्या 67 टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागते असे सांगितले होते. डिसेंबर 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने माहुल आणि आंबापाडा इथल्या रहिवाशांच्या आरोग्याला हवेमुळे धोका आहे, असे स्पष्ट लिहिले. आणि त्याच्या दोन वर्षांनंतर आम्हाला इथे आणून सोडले गेले. याचा राग अजून माझ्या पोटात आहे.

तर मतदानाची गोष्ट. बहिष्कार घालायचा तर आधी आपण कुठले मतदार ते बघायला हवे, म्हणून मी इमारतीतल्या लोकांची मतदार ओळखपत्रे बघायला बसले. कुणाचे नाव घाटकोपरच्या यादीत, कुणाचे कुर्ल्याच्या, कुणाचे अंधेरीच्या. माझे स्वतःचे पाडलेल्या घराच्या पत्त्यावर. माहुल येते अणुशक्तीनगर विधानसभेत, म्हणजे दक्षिण मध्य मुंबई लोकसभेत. तिथल्या उमेदवाराच्या लेखी आमच्यातले बरेचसे मतदारच नव्हते. आणि जिथले मतदार होतो तिथे आम्ही राहत नव्हतो. पन्नास बूथवर विखुरलेल्या माणसांनी मत दिले नाही, तर त्याला बहिष्कार कोण म्हणेल? यादीत ते एवढेच दिसते की बाई आली नाही. कामावर गेली असेल, आजारी असेल, गावाला गेली असेल.

29 एप्रिलला आमच्यातल्या पुष्कळांनी मत दिले नाही. काहींनी ठरवून, काहींनी बस-रिक्षाचे पैसे आणि खाडा परवडत नाही म्हणून. बाहेरून बघणाऱ्याला या दोन गटांत फरक दिसणे शक्यच नव्हते. मला सगळ्यात जास्त लागले ते हेच. आमचा निर्धार आणि आमची अडचण एकाच रकान्यात पडली.

इतरांनी याहून मोठ्या प्रमाणावर करून पाहिले आहे. एप्रिल 2024 मध्ये नागालँडच्या पूर्वेकडच्या सहा जिल्ह्यांत, स्वतंत्र प्रदेशाच्या मागणीसाठी, जवळजवळ चार लाख मतदार घरी बसले. बूथवर कर्मचारी दिवसभर थांबले, मत एकही पडले नाही म्हणावे असा तो दिवस. तरी निकाल लागला आणि खासदार दिल्लीला गेला. कमीत कमी इतके मतदान झालेच पाहिजे, अशी अट आपल्या कायद्यात नाही. आपल्या उपनगरातलेच बघा. नोव्हेंबर 2022 ला अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीत जेमतेम 32 टक्के मतदान झाले, 'नोटा'ला, म्हणजे 'यापैकी कुणीही नाही'ला, 12,806 मते पडून ती दुसऱ्या क्रमांकावर आली, आणि ऋतुजा लटके 66 हजारांवर मते घेऊन आमदार झाल्या. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'नोटा'चे बटण दिले खरे, पण लोकसभा-विधानसभेत ते कुणाला पाडू शकत नाही. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर 2018 मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी वेगळा नियम केला: 'नोटा' पहिली आली तर फेरनिवडणूक. पण फेरनिवडणुकीतही तीच पहिली आली, तर तिच्या खालचा उमेदवार विजयी. नकाराला एकदाच किंमत.

मग आमचे जे काही हलले ते कशाने? ऑक्टोबर 2018 पासून आमची माणसे विद्याविहारला, पाडलेल्या घरांच्या जागेजवळ, फुटपाथवर बसली होती. लेकराबाळांसह, वर्षाहून जास्त. तिथे स्वयंपाक होत होता, तिथेच मुले अभ्यास करत होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबून बघावे लागत होते. जोडीला न्यायालयात लढाई चालू होती. 2019 मध्येच उच्च न्यायालयाने सांगितले की माहुलच्या रहिवाशांना महिना 15,000 रुपये भाडे आणि 45,000 रुपये अनामत द्या, आणि तिथे आणखी कुणाला पाठवू नका. पैसे सगळ्यांच्या हातात पडायला पुन्हा कोर्टाचे उंबरठे झिजवावे लागले. ती वेगळी कहाणी आहे.

आमचा एक नकार मात्र चालला. घर नाकारण्याचा. ज्यांना इथली चावी देऊ केली त्यातल्या कित्येकांनी ती घेतली नाही, काही जण घेऊन परत भाड्याच्या खोलीत गेले. हजारो घरे रिकामी राहिली. कुलूप लावलेले दार मोजता येते, त्याचा हिशेब कुणाला तरी द्यावा लागतो. मार्च 2025 मध्ये पालिकेने यातली नऊ हजारांहून जास्त घरे 12 लाख 60 हजारांना आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली. मुंबईत या भावात घर, तरी अर्ज अगदीच थोडे आले. आम्ही इतकी वर्षे जे ओरडून सांगत होतो ते त्या न आलेल्या अर्जांनी सांगितले. मत न देण्याने आम्ही अदृश्य झालो होतो. घर न घेण्याने मात्र आम्ही दिसलो. पण घर नाकारायलाही पाठीशी काहीतरी लागते. माझ्याकडे ते नव्हते, म्हणून मी अजून इथेच आहे.

मार्च 2022 ला पालिकेची मुदत संपली आणि जानेवारी 2026 पर्यंत प्रशासकच कारभार बघत होता. नगरसेवक नाही, पालिकेची निवडणूक नाही. गटार तुंबले, पाण्याची टाकी फुटली, तर तक्रार घेऊन जायचे कुणाकडे? त्या काळात बहिष्काराची भाषा कुणी काढली नाही, कारण पालिकेत तरी नाकारायला हातात काही नव्हतेच. तेव्हाच मी लोकांचे पत्ते बदलण्याचे फॉर्म भरून द्यायला लागले. भाडेपावती नाही, वीजबिल दुसऱ्याच्या नावावर, अशा शंभर भानगडी. तरी इमारतीतली बरीच नावे आता माहुलच्या यादीत आहेत.

शेवटी पालिकेची निवडणूक लागली आणि प्रचाराला उमेदवार आले, तेव्हा आम्ही बायकांनी त्यांना जिन्यातच थांबवले. रिकाम्या घरांचे काय करणार, आणि हवेची रोजची मोजणी इमारतीखाली फलकावर लावणार का, असे दोनच प्रश्न ठेवले. एकाने हात जोडून पुढची इमारत धरली. दुसऱ्याच्या कार्यकर्त्याने दोन्ही प्रश्न वहीत लिहून घेतले, आणि मी त्याला खाली तारीख घालायला लावली.