कथलाचा वाळा

चुंबक चिकटलं तर खाली पत्रा, घसरलं तर खड्डे बुजवायची लांबी. जुनी गाडी बघायला निघालेल्या माणसाला सगळे एवढं एकच शास्त्र शिकवतात. मीही मडगार्ड, चाकांवरच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा असं चुंबक फिरवत गेले. पद्मिनीला पांढरा रंग नुकताच मारला होता. किंमत चांगल्या नव्या स्कूटरएवढी, म्हणजे माझ्या आवाक्यातली. डाव्या दाराच्या तळाशी चुंबक धरलं आणि ते सरळ जमिनीवर पडलं. मालक काही बोलले नाहीत, मीही नाही. तेव्हापासून आजीची एक म्हण डोक्यातून जात नाही: नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

म्हण या गाडीला चपखल बसते, हीच अडचण आहे. चितोडच्या राणीचं नाव मिरवणारी ही गाडी मुळात इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती घडायची. आधी फियाट, मग थोडा काळ प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसेक अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर. इटलीत हे मॉडेल १९६० च्या दशकातच संपलं, कुर्ल्यात मात्र ते जवळजवळ शतक संपेपर्यंत निघत राहिलं. एके काळी पैसे भरून वर्षानुवर्षं तिची वाट बघावी लागे. एवढं करून दारात आली की लोक तिला फियाटच म्हणत. राणीचं नाव कागदावरच राहिलं.

पण सोनूबाईचं काय? म्हणीत फजिती तिची होते, आणि नाव तर तिने स्वतः ठेवलेलं नाही. बारशाला आत्याने ते कानात सांगितलं. घरात सोनं नव्हतं म्हणूनच आत्याला ते सुचलं असेल. वाळाही तिने निवडलेला नाही. बापाने आठवड्याच्या बाजारातून परवडला तो आणला. नाव आणि वाळा दोन्ही मायेने आलेले, दोन्ही एकाच पोरीच्या वाट्याला आले, आणि हसू झालं ते तिचं. हसणारं कोण होतं? हातात पाटल्या असलेली मालकीण, की शेजारची, जिच्या हातातही कथीलच होतं? मला दुसरीच जास्त खरी वाटते, आणि तिचाच त्रास जास्त होतो.

आणि कथलाने तरी कुणाचं काय घोडं मारलं होतं? आमच्या घरी त्याला केवढा मान. दिवाळीच्या आधी कल्हईवाला गल्लीत यायचा, जमिनीत खड्डा करून भाता बसवायचा, निखारे फुलवायचा. पितळी पातेलं तापलं की नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने आतून पुसायचा. पांढरा धूर उठायचा आणि आम्ही मुलं नाक धरून तिथंच उभे राहायचो. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची. कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्याला फार विनवावं लागत नाही. बोळा गोल फिरला की काळपट पितळ पांढरंशुभ्र व्हायचं, पाण्यात बुडवलं की चर्र आवाज यायचा. आजी प्रत्येक पातेलं उजेडाकडे धरून बघायची. कुठे पिवळा ठिपका राहिला असेल तर परत तापवायला लावायची, कारण तेवढ्या ठिपक्यानेसुद्धा ताक कळकतं, चिंचेची आमटी कळकते. सगळ्या घराचं पोट त्या पातळ थराच्या भरवशावर होतं.

तीच आजी ही म्हण सहज वापरायची. तिच्या लेखी पातेल्यातलं कथील निराळं आणि वाळ्यातलं निराळं असणार. एक आतून राखण करतं, दुसरं बाहेर सोन्याचं सोंग घेतं. पण सोंग तरी कुठे? कथलाचा वाळा पांढरा असतो. सोनं म्हणून तो आंधळ्यालाही खपवता येणार नाही. तो जे आहे तेच दिसतो. खोटं असलंच तर ते नावात आहे, आणि नावालाही मी खोटं म्हणायला धजत नाही.

गाडीच्या पत्र्यातले खड्डेही एके काळी कथलानेच भरत, हे कळल्यावर मी या म्हणीत आणखीच अडकले. आजच्या लांबीच्या आधी कारागीर शिसं आणि कथील यांचं मिश्रण वापरायचे. तापवल्यावर ते एकदम वाहत नाही, बराच वेळ लोण्यासारखं मऊ राहतं, लाकडी पट्टीने त्याला आकार देता येतो. पण एक अट असते: पत्रा आधी पूर्ण स्वच्छ हवा. गंजावर ते धरतच नाही. लांबीला अशी अट नाही. गंज तसाच ठेवून वर थापली, घासली, रंग मारला, तरी काही महिने दार गुळगुळीत दिसतं. मग लांबी पाणी शोषून घेते, ते पत्र्याला धरून ठेवते, आणि बाहेरून काहीही दिसत नसताना पत्रा आतून गंजत जातो.

आमची फियाट अशीच गेली. कोल्हापुरात आषाढात पेंटरला काम नसतं, म्हणून भाव उतरतो, म्हणून आमच्यासारख्यांच्या गाड्या आषाढातच रंगायच्या. उद्यमनगरातली पत्र्याची शेड, काचांवर चिकटपट्टीने डकवलेली वर्तमानपत्रं, थिनरचा डोक्यात जाणारा वास आणि नाकाला रुमाल बांधलेले पेंटरमामा. ते बाबांना म्हणाले होते, "सायेब, ऊन पडू दे की चार दिवस. असल्या हवेत ड्यूको पांढरा पडतोय बघा." थिनर झपाट्याने उडतं, उडताना पत्र्याला गार करतं, आणि हवेतलं बाष्प ओल्या रंगावर जमून रंग दुधाळ होतो. सावकाश उडणारं थिनर घातलं तर हे टळतं, पण ते महाग. बाबा म्हणाले, "साखरपुडा तोंडावर आलाय मामा, मारून टाका."

मामांनी मारला. बॉनेटवरचा निळा रंग ढगाळ झाला. त्यांनी तो रबिंग करून, जादा पैसे न घेता, होईल तेवढा उजळला. ताईच्या साखरपुड्याला गाडी दारात उभी होती आणि बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला तिच्याजवळून आत नेत होते. त्यांना गाडी दाखवायची होती, की ताईच्या सासरकडच्यांना आपलं घर दाखवायचं होतं? बहुतेक त्यांनाही ते वेगळं करता आलं नसतं. पुढच्या पावसाळ्यात दारांच्या तळाशी फोड आले. बोटाने दाबला की फोड फुटायचा आणि आतून तपकिरी पाणी यायचं.

त्या रंगाला फसवणूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पाहुण्यांच्या गाड्याही तशाच होत्या. कुणी कुणाला फसवत नव्हतं. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी पासिंगला जाताना अशाच रंगून जायच्या, थरावर थर, थेट ३० ऑक्टोबर २०२३ ला त्यांची वीस वर्षांची मुदत संपून त्या रस्त्यावरून उतरल्या तोवर. पण मायेने दिलेल्या रंगानेच पत्रा खाल्ला, हेही तितकंच खरं आहे, आणि ते कुठे ठेवावं हे मला कळत नाही. सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपुढची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अट अशी, की ती मूळ रूपात असावी, मोठे फेरबदल झालेले नसावेत. पहिल्या पद्मिनी आता त्या वयाच्या झाल्या. त्यांचं मूळ रूप म्हणजे कुर्ल्याहून निघालेला रंग, की दर लग्नाला, दर दसऱ्याला चढलेले हे सगळे थर? मला थर सोलायला नको वाटतं. न सोलावं तर खाली गंज पसरतोय.

पांढरा रंग मालकांनी गिऱ्हाईक येणार म्हणून मारला, की निरोप देण्याआधी गाडी नीटनेटकी दिसावी म्हणून, हे त्यांना विचारायचं राहिलं आहे. उत्तराने पत्रा बदलणार नाही, तरी ते मला हवं आहे. मेकॅनिकचं म्हणणं, सगळा रंग काढून सडका भाग कापायचा आणि नवा पत्रा जोडायचा. हा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त, आणि तेवढे पैसे माझ्याकडे नाहीत. म्हणजे ही गाडी घेतली तर मीही लांबीच भरणार. पुढे कधी ती विकायची वेळ आली आणि कुणी गिऱ्हाईक दाराशी वाकलं, तर मी त्याला आधीच सांगेन, की विचारेपर्यंत थांबेन? आधी सांगितलं तर भाव पडेल, आणि तो पडलेला भाव तेव्हा मला परवडेल का, हे आज मला सांगता येत नाही.